चुकीच्या झाडाखाली

मी एक जुना शिकारी कुत्रा आहे. माझे नाव टिंकर. मित्रांनो, मी केंटकीच्या डोंगरात जन्मलो आणि माझे मालक व्हर्जिल यांच्याबरोबर बारा पानगळी जंगलात काढल्या. खारीचा माग काढायचा, ती चढली असेल ते झाड शोधायचे आणि बुंध्याशी उभे राहून भुंकायचे, एवढेच माझे काम. मग मालक बंदूक घेऊन येत. घरी त्यांची बायको ओपल खारीचा रस्सा करी आणि त्यात बुडवलेल्या मक्याच्या पावाचा पहिला तुकडा मला मिळे. टिंकर भुंकला म्हणजे वर खार आहेच, असे लोक म्हणत.

आमच्याकडे कुणी भलत्याच माणसावर संशय घेतला, की 'तो चुकीच्या झाडावर भुंकतोय' असे म्हणतात आणि सगळे हसतात. कुत्र्याचे खरोखर तसे झाले तर काय होते, ते मला गेल्या पानगळीत कळले.

त्या सकाळी शेजारचा डेनिस आमच्याबरोबर होता. मी एका थोरल्या ओकखाली जीव तोडून भुंकलो. दोघे झाडाभोवती फिरले. वर काहीच नव्हते. खार फांद्याफांद्यांवरून कधीच निघून गेली होती. माझ्या नाकाला ते कळलेच नाही.

"व्हर्जिलकाका, याचं नाक गेलं बरं का," डेनिस म्हणाला. "आमचे आजोबा असल्या कुत्र्यासाठी एक गोळी वेगळी ठेवायचे."

"तुझ्या आजोबांना समोरचं एवढं मोठं कोठारसुद्धा नेम धरून टिपता यायचं नाही," मालक म्हणाले आणि पुढे निघण्यासाठी बंदूक भरू लागले.

ते हसत होते, असे आता कळते. तेव्हा मला बंदुकीचा खटका तेवढा ऐकू आला. मी पळालो.

एका खडकाखालच्या कपारीत शिरून बसलो. मालक हाका मारत राहिले. मी श्वाससुद्धा रोखून धरला. दुपार कलली तेव्हा त्यांनी अंगातला कोट काढला आणि त्याच ओकखाली पानांवर पसरला. आमच्या डोंगरात हीच रीत आहे. हरवलेल्या कुत्र्यासाठी अंगातला कोट ठेवून यायचे आणि दुसऱ्या दिवशी बघायला जायचे.

"काका, गारठून मराल. कुत्रा काय, दुसरा मिळेल."

"तू गप चाल रे," मालक म्हणाले.

ते गेल्यावर मी जवळ गेलो. कोटाला मालकांच्या तंबाखूचा वास होता, आणि बंदुकीच्या तेलाचाही. हा कोट मला बोलावत होता की धरायला ठेवला होता? मी तीनदा जवळ गेलो आणि तीनदा मागे फिरलो. अंधारात अस्वल पाने तुडवत गेले. शेवटी थंडी सोसेना, तेव्हा मी कडेला पडलो आणि पुढचे दोन पंजे तेवढे कोटावर ठेवले.

उजाडताना पावले वाजली. मालकांच्या खांद्यावर बंदूक होती. पळायला गेलो तर पाय उचलेनात. मी डोळे मिटले आणि वाट पाहत राहिलो.

बंदूक झाडाला टेकवल्याचा आवाज आला. मग गुडघे कडकड वाजले आणि मालक माझ्याशेजारी पानांत बसले.

"लेका, तू चुकीच्या झाडावर भुंकलास ते असो," ते माझ्या कानाशी म्हणाले. "माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना तर तिथं खार दिसलीसुद्धा होती. हे डेनिसला सांगू नकोस."

त्यांनी कोट माझ्यावर घातला आणि मला उचलून घरी नेले.

मित्रांनो, आता मी शिकारीला जात नाही. तरी मालक खुंटीवरची बंदूक काढू लागले, की मी अजूनही पलंगाखाली जातो. ते मला ओढून बाहेर काढत नाहीत. तुमच्या घरी कुणी थकलेले असेल, माणूस असो वा मुके जनावर, त्याच्यादेखत 'आता याचा काय उपयोग' असे थट्टेतही म्हणू नका. तुम्ही ते जेवायच्या आत विसरून जाता. ऐकणारा मात्र कुठल्याशा कपारीत जाऊन बसलेला असतो.