उशाची बाजू कोणती?

मित्रांनो, मी सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. कोणाचाच बसत नाही. मी एक वरखाली होणारा पलंग आहे. एक बटण दाबलं की पाठ उचलतो, दुसरं दाबलं की पाय. कारखान्यात माझी परीक्षा घ्यायला माझ्यावर उसाची बैलगाडी चढवली होती, बैलांसकट. बैल तिथेच घोरायला लागले!

असा गुणी मी शहाद्याच्या पारसभाऊंच्या घरी आलो तो त्यांच्या आईसाठी, दाखूबाईंसाठी. सपाट झोपलं की त्यांना धाप लागे. डोक्याकडची बाजू उंच ठेवा, श्वास मोकळा होईल, जळजळही कमी होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते तर माझंच काम!

पण माझी वायर आखूड. ती प्लगपर्यंत पुरावी म्हणून माझी उशाची बाजू उत्तरेला आली. पारसभाऊ म्हणाले, "उत्तरले डोकं करी कोनी निजस का, मा? तू इकडे डोकं कर." झालं! दाखूबाईंचं डोकं माझ्या पायथ्याला आणि पाय माझ्या उशाला.

आता पाठीचं बटण दाबलं, की वर जात त्यांचे पाय. धाप दुप्पट! "हाई मशीनच खोटं शे," पारसभाऊ करवादले. मी खोटा? मी कुरकुरलो, मोटर घरघरवली, तर त्यांनी मला तेल पाजलं! चौथ्या दिवशी मला परत पाठवायचं ठरलं. दाखूबाई भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगत होत्या, आणि एवढा मऊ मी शेजारी रिकामा. सांगा, राग येणार नाही? बाळांनो, आम्हाला घरी आणलंत, तर आमचं उसं कुठे आणि पायतं कुठे, एवढं तरी आधी बघत जा.

शेवटी मीच मनावर घेतलं. दुपारी पारसभाऊ दुकानात गेले, तसा मी चारी चाकांवर गर्रकन फिरलो. उसं दक्षिणेला! दाखूबाईंना अलगद वर घेतलं, पाठ उचलली. त्यांचा श्वास संथ झाला. दिवेलागणीपर्यंत शांत झोपल्या. सगळं शहादं मला बघायला...

"ओ पलंगदादा!" दाखूबाईंची देखभाल करणारी कळसाडीची रूपलीबाई दारातूनच ओरडली. "किती फेकी ऱ्हायना! तुन्हा चाकेसले ब्रेक लायेल व्हता. तुले मी फिरवं, एकटीनी. आनि तो लांब वायरना बोर्ड मन्हा घरथीन उना, तो काय तू चालत जाईसन आना का?"