रोबोटचा डावा हात

आमच्या कारखान्यात मला सासूबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला ऐकू येतं. ऐकणं हेच तर माझं काम आहे. खेळणं कानाशी धरून हलवायचं आणि आत काही खुळखुळलं की नापास करायचं. अठरा वर्षं झाली, मी तपासणीच्या खोलीत बसून नव्या खेळण्यांतली खोट काढते. त्या नावाचा मला राग येत नाही. माझी स्वतःची सासू म्हणजे गरीब गाय होती, तिला हे नाव अजिबात शोभलं नसतं.

त्या दिवशी माझ्या टेबलावर आला तो मायक्रॉनकाकांचा रोबोट. काका आमच्या साचेखात्याचे मिस्त्री. ज्या पोलादी साच्यात प्लॅस्टिक भरतात, तो साचा हा माणूस घडवतो. केसाच्या जाडीच्याही खालची भाषा बोलतो, म्हणून नाव पडलं मायक्रॉन. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या नकाशांवरून साचे केले. हा रोबोट मात्र पहिल्या रेघेपासून त्यांचा होता. मिटला की पिवळी क्रेन, उघडला की वीतभर उंचीचा रोबोट.

साहेबांनी काकांना आधीच बजावलं होतं. रोबोट पास झाला तर साचेखातं चालू राहील. नापास झाला तर खातं बंद, यापुढे साचे बाहेरून तयार आणायचे आणि काकांनी घरी बसायचं. ही गोष्ट साऱ्या कारखान्याला ठाऊक होती. त्यामुळे सकाळपासून जो तो काही ना काही निमित्त काढून माझ्या दारावरून जात होता.

"काका, ओळखीपाळखीचा काही उपयोग व्हायचा नाही हं," मी म्हटलं.

"बाई, ओळखीवर काम होणार असतं तर तुमच्याकडे कशाला आणला असता?" काका म्हणाले आणि भिंतीशी हाताची घडी घालून उभे राहिले.

आधी मी मिटलेली क्रेन पाहिली. रूप बदलणाऱ्या खेळण्यांचं पितळ बहुतेक वेळा इथेच उघडं पडतं. म्हणायला गाडी, पण दाराखालून गुडघा डोकावतोय आणि टपावर रोबोटचं नाक आलंय. या क्रेनवर मी भिंग फिरवलं. दोन भाग जिथे मिळतात तिथे कागद सरकवून पाहिला. कागद जाईना. मग फटी मोजायची पातळ पत्र्याची पानं काढली. सगळ्यात पातळ पान कसंबसं गेलं, आणि चारही बाजूंना सारखंच गेलं. साच्याच्या सांध्यावर प्लॅस्टिकचा जो बारीक पापुद्रा राहतो, तो नखाने शोधला. नख सरळ घसरत गेलं. कानाशी धरून हलवली. पोटात अख्खा रोबोट असूनही आवाज शून्य.

खरं सांगते, मला थोडा रागच आला. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एकही खोट सापडू नये म्हणजे काय!

मग उघडायला घेतला. बदलायच्या पायऱ्या चौदा. क्रेनची सोंड मागे लोटली की पाठीचा कणा होतो. चाकं आत वळतात आणि पोटऱ्या बनतात. कंबर फिरवताना खट्, खट्, खट् असे तीन आवाज येतात, आणि तिसऱ्या आवाजाला कंबर अशी बसते की पुन्हा हलवून बघायची गरजच वाटत नाही. मला आवडला तो चेहरा. तो हाताने काढावा लागत नाही. छाती उघडली की आतला दट्टा आपोआप वर येतो आणि डोकं हळूच बाहेर निघतं. चौदाव्या पायरीला मी त्याला एका पायावर उभा केला. उभा राहिला. टेबलाला धक्का दिला, तरी उभा.

"एका पायावर उभा राहतोय हा," मी म्हटलं.

"दुसऱ्यावरही राहतो," काका म्हणाले.

दुसऱ्यावरही राहिला.

नियमाप्रमाणे पन्नास वेळा उघडायचा आणि पन्नास वेळा मिटायचा. वीस वेळांनंतर साधारण खेळण्यांचे सांधे ढिले पडतात, रंग खरवडतो, वाकणाऱ्या जागी प्लॅस्टिक पांढरं पडतं. इथे पन्नासाव्या वेळी खट् तेवढाच करकरीत आला. टेबलाच्या उंचीवरून फरशीवर तीनदा पाडला. एका चाकाचा कोपरा जरा दबला, बाकी काही नाही. मी डाव्या पावलावर रंगाचा एक ठिपका शोधून काढला आणि मोठ्या समाधानाने तो वहीत लिहिला. तेवढाच जिवाला आधार.

राहिली शेवटची परीक्षा. तिला आम्ही अनोळखी हात म्हणतो. ज्याने ते खेळणं कधी पाहिलेलं नाही, अशा माणसाच्या हातात ते द्यायचं. कागद नाही, सूचना नाही, बदल म्हणायचं आणि बघत बसायचं. खेळणं घडवणाऱ्याने त्याच खोलीत उभं राहायचं, पण बोलायचं नाही. आता स्वतःचं खेळणं कुणी वेडंवाकडं पिरगळत असताना गप्प राहणं कुणाच्या बापाला जमतं? पूर्वी सगळे ओरडायचे, "तसं नाही, तसं नाही!" म्हणून मीच पद्धत पाडली. घडवणाऱ्याने तोंडात घोटभर पाणी धरून उभं राहायचं. पाणी गिळलं की परीक्षा रद्द.

काकांनी गडूतून पाणी घेतलं आणि गाल फुगवून उभे राहिले. मी टेडीमावशींना बोलावलं. मावशी मऊ खेळण्यांच्या खात्यात अस्वलांना कान शिवतात. बोटं पकडीसारखी, आणि धीर अगदी नावाला. साहेबही आले आणि दाराशी उभे राहिले. त्यांच्या मागे निम्मा कारखाना टाचा उंच करून बघत होता.

"हे काय गं, क्रेन?" मावशी म्हणाल्या. "याचा माणूस करायचा? बरं."

सोंड मागे गेली. पाय सरळ झाले. मावशींनी कंबर उलटीकडून फिरवायला घेतली, ती फिरेना. मग सुलटी फिरवली. काकांचे डोळे मावशींच्या बोटांबरोबर फिरत होते. मग मावशींनी डावा हात धरला आणि जिकडे तो मुळीच वळत नाही, तिकडे ओला कपडा पिळावा तसा पिळला.

टक् झालं. हात खांद्यातून निघून मावशींच्या मुठीत आला.

दाराशी कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. मी काकांकडे पाहिलं नाही, हिंमतच झाली नाही. माझा पेन मात्र थांबला नाही. भाग निखळला की नापास, हा नियम मीच केलेला. मी तपासणीच्या तक्त्यावर 'नापास' लिहिलं, खाली कारण लिहिलं, सही ठोकली. साहेबांनी पुढे होऊन कागद उचलला.

"वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण मॅडमचा शब्द तो शेवटचा शब्द." कागदाची घडी घालत ते वळले.

आणि माझ्या मागे पुन्हा टक् झालं.

मी वळून पाहिलं. टेडीमावशींनी हात खांद्यात बसवला होता, आता नीट वळणाने फिरवला होता, आणि त्या छाती उघडत होत्या. डोकं वर आलं. त्यांनी रोबोट टेबलावर उभा केला.

"हा घे तुझा माणूस," त्या म्हणाल्या. "कसला गोड आहे गं!"

"मावशी, हात तुटला होता ना?"

"तुटला कुठे? निघाला. मी चुकीचं पिळलं म्हणून निघाला, मग लावला. असाच असतो ना तो?"

मी रोबोट हातात घेतला, हात उपसून काढला आणि खांद्याच्या वाटीवर भिंग धरलं. पांढरं पडलेलं प्लॅस्टिक दिसेल, चीर दिसेल, अशी माझी खात्री होती. तसं काहीच नव्हतं. वाटीच्या कडेला एकमेकींसमोर दोन बारीक खाचा होत्या आणि कडा आतून गोल केली होती. एवढीशी खाच साच्याच्या पोलादात कोरायची म्हणजे डोळे फुटायची वेळ येते. हे चुकून झालेलं नव्हतं. कुणी वेडावाकडा जोर लावला, तर वाटी जराशी फाकणार आणि हात मोडायच्या आत सोडून देणार. नीट वळवलं तर जन्मात सोडणार नाही. माझ्या हातून पन्नास वेळा सुटला नव्हता तो म्हणूनच.

आणि मी काय लिहिलं होतं? काविळीच्या माणसाला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. अठरा वर्षं नुसतं काय निखळतंय ते बघत बसलेल्या बाईला, निखळण्यातली हुशारी दिसलीच नाही. बरं, अनोळखी हाताची परीक्षा अर्ध्यात होती. मावशींनी खेळणं खालीसुद्धा ठेवलं नव्हतं. तेवढा धीर मला धरवला नाही.

साहेब जिन्यापर्यंत पोचले होते. मी हाक मारली.

"साहेब, तो कागद इकडे द्या."

"आता काय झालं? तुम्ही लिहिलेलं कधी बदलत नाही, मॅडम. लोक रडले तरी बदलत नाही."

"आज बदलते. मी चुकले."

हे तीन-चार शब्द बोलताना माझे कान तापले. सासूबाई चुकल्या, हे कुणी कधी ऐकलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. पण तो रोबोट माझ्या हातात होता, आणि त्याला नापास म्हणणं हे खोटं होतं. खोटं लिहिण्यापेक्षा कान तापलेले परवडले.

मग सगळ्यांसमोर बाकीचं केलं. सुटा हात लहान पोराच्या घशात जाईल का, हे बघायची एक नळी असते, तिच्यात टाकला. निम्मा बाहेर राहिला. खांद्याची कडा बोटाला कुठे बोचत नव्हती. मग दोन्ही हात चुकीच्या बाजूला तीस-तीस वेळा पिळले. तीसही वेळा सुटले, तीसही वेळा बसले, आणि वाटी जशीच्या तशी. एकतिसाव्या वेळी साहेब म्हणाले, "बघू, मला द्या." त्यांनी हात काढला, लावला. काढला, लावला. पुन्हा काढला.

"साहेब, पुरे," मी म्हटलं, तेव्हा कुठे भानावर आले.

"पण मॅडम, नियम?" त्यांनी विचारलं.

"नियम मी केला होता, मीच दुरुस्त करते. निघालेला भाग खेळणाऱ्यानेच परत बसवला आणि त्यात काही बिघडलं नाही, तर तो दोष नाही. तुम्ही खाली सही करा."

मी तो नियम वहीत लिहिला, साहेबांनी खाली सही केली. त्यांनी जुना कागद परत दिला, तो मी टराटरा फाडला. तेव्हा आठवलं, काका अजून गाल फुगवून उभे होते. चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काका, गिळा ते पाणी. परीक्षा संपली."

त्यांनी गिळलं, ठसका लागला. मावशींनी पाठीवर दोन धपाटे घातले, तेव्हा त्यांचा आवाज फुटला.

"आधी सांगायचं नाही का, हात मुद्दाम सुटता ठेवलाय म्हणून?" मी चिडून म्हटलं. "तुमचं खातं बुडालं असतं की आज!"

"सांगितलं असतं तर तुम्ही सांगितल्यासारखं बघितलं असतं," काका म्हणाले. "पोरं कुठे कुणी सांगितल्यावर खेळतात? त्यांना न सांगता कळायला हवं."

"पण हे सुचलं कुठून तुम्हाला?"

काका जरा अडखळले. "तुमच्यामुळेच. तुम्ही नव्या होतात तेव्हा माझ्या साच्यातला एक घोडेस्वार नापास केला होता. त्याचा हात मोडला होता. कारणाच्या रकान्यात लोक लिहितात, सांधा कमजोर, जाडी अपुरी. तुम्ही लिहिलं होतं, 'पोर रडेल.' एवढंच. मी पोलादावर काम करणारा माणूस, मला पोर कधी दिसलंच नव्हतं हो. तो कागद वाचला आणि दिसलं. तेव्हापासून मोडणार नाही असा हात शोधत होतो. अठरा वर्षं लागली."

मला तो घोडेस्वार आठवेना. असं काही लिहिल्याचंही आठवेना. मधल्या वर्षांत मीही सांधा कमजोर, जाडी अपुरी लिहायला कधी शिकले, कोण जाणे.

मी नवा तक्ता पुढे ओढला आणि 'पास' लिहिलं. खाली सविस्तर लिहावं म्हणून जागा शोधू लागले, तर जागाच नाही. कारणाचा रकाना फक्त नापाससाठी आहे. पास झालेल्या खेळण्याबद्दल दोन शब्द लिहावेत, असं तो तक्ता छापणाऱ्याला वाटलं नसेल. आणि अठरा वर्षांत मलाही तशी गरज पडली नव्हती, याची मला मनापासून लाज वाटली.

मी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. कंबरेच्या तीन आवाजांबद्दल लिहिलं, चहूबाजूंनी सारख्या फटींबद्दल लिहिलं, आपोआप वर येणाऱ्या डोक्याबद्दल, वाटीतल्या दोन खाचांबद्दल लिहिलं. जेवणाची घंटा झाली, दारातले लोक पांगले. काका माझ्या खांद्यामागे उभे राहून एकेक ओळ वाचत होते.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "तुमचे आजवरचे सगळे कागद माझ्या घरच्या पेटीत आहेत. सगळे नापासचे, खेळण्याबरोबर साचेखात्यात परत आलेले. हा कारखान्याच्या कपाटात गेला तर मला काय मिळणार?"

मी दुसरा कोरा कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा हाताने उतरवून काढलं.