पाचव्या रांगेतलं हसू

नाटकाची थिएटरं मी खुर्च्यांवरून ओळखतो. एका ठिकाणच्या करकरतात, दुसरीकडच्या टोचतात, आणि तिसरीकडे एसी असा सुटतो की पहिल्या अंकातच नाक गळायला लागतं. या तिन्ही ठिकाणी मिळून मी एकच नाटक एकतीस वेळा पाहिलंय. माझ्या धाकट्या भावाचं. लिहिलंय त्यानंच, आणि त्यातलं म्हाताऱ्या शिंप्याचं कामही तोच करतो.

हौस म्हणाल तर ती चौथ्या प्रयोगालाच संपली. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. सकाळी सहापासून उपाशीपोटी आलेल्यांचे दंड बांधायचे, "मूठ आवळा" म्हणायचं, शीर सापडली नाही की बोलणी खायची. रविवारी अर्धा दिवस. जग जेवून आडवं होतं तेव्हा मी बस पकडून चारच्या प्रयोगाला निघतो.

कारण एवढंच, की पहिल्या दोन प्रयोगांना कोणी हसलंच नव्हतं. विनोदी नाटक आणि हॉलमध्ये सुतकी शांतता. धाकट्याचं तोंड एवढंसं झालं होतं. तिसऱ्याला मी पाचव्या रांगेत बसून मुद्दाम, जरा मोठ्यानेच हसलो. मग शेजारचा हसला, मागचे हसले. प्रयोग संपल्यावर धाकटा रंग न पुसताच बाहेर आला.

"दादा, तू हसलास ना, तेव्हाच मला कळलं, जमलं म्हणून!"

त्याला खरं कुठल्या तोंडाने सांगणार? तेव्हापासून हे गळ्यात पडलं ते पडलंच.

हसायच्या जागा सात. शेवटची सगळ्यात हमखास. दहा वर्षं कोणी न नेलेला कोट शिंपी स्वतःच अंगात चढवतो आणि म्हणतो, "गिऱ्हाईक काही आलं नाही, पण मी मात्र त्याच्या मापाचा झालो!" त्याचा उजवा हात बाहीत गेला की मी सुरुवात करायची, म्हणजे वाक्य येईपर्यंत लोक तयार असतात.

परवाच्या रविवारी मात्र ठरवून गेलो होतो. आज त्याला सांगायचं, बाबा रे, आता मला मोकळं कर. निघताना बायको म्हणाली, "आज सांगा हं. नाहीतर आहेच तुमचं मूग गिळून बसणं."

दारात तिकिटं फाडणाऱ्या काकूंनी हसून विचारलं, "आलात का ड्यूटीवर?" टोचणाऱ्या खुर्च्यांचं थिएटर होतं ते. पहिल्या अंकातल्या चारही जागा मी इमानेइतबारे हसून काढल्या. मध्यंतरात दोन कप चहा घेतला. दुसऱ्या अंकातल्या दोन जागाही कशाबशा निभावल्या. त्यानंतर मात्र डोळे कधी मिटले ते कळलंच नाही.

उघडले तेव्हा धाकटा कोट घेऊन उभा होता आणि उजवा हात बाहीत जात होता. मी हसलो. चांगला खणखणीत.

दुसरं कोणीही हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या बाई वळल्या, त्यांचे डोळे ओले होते. रंगमंचावर शिंप्याची मुलगी खाली मान घालून बसलेली. शिंपी एकेक बटण लावत होता आणि रडत होता. ते गिऱ्हाईक वारल्याचं मी झोपेत असताना कधीतरी कळलं असणार.

मग मला शुक्रवारचा फोन आठवला. कोटाचा सीन कसा बदललाय ते धाकटा पंधरा मिनिटं सांगत होता. मी गरम पाण्यात पाय सोडून बसलो होतो आणि "हो का? वा!" म्हणत होतो. ऐकलं काडीचंही नव्हतं.

धाकट्याने क्षणभर पाचव्या रांगेकडे पाहिलं, आणि पुढचं बटण लावलं.

प्रयोगानंतर मी आत गेलो. तो आरशासमोर बसून मिशी सोडवत होता.

"फोनवर सांगितलं होतं, दादा."

"डोळा लागला रे. जाग आली तर हात बाहीत दिसला..."

"हात दिसला म्हणून हसलास?"

मी मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सगळं उमटत गेलं.

"म्हणजे आजवर?"

"तू खचू नयेस म्हणून सुरू केलं. मग सवयच पडली."

त्याने मिशी डबीत ठेवली. "पेपरात काय काय छापून यायचं. मी म्हणायचो, जाऊ दे, दादाला तर मनापासून आवडतंय."

ओरडला असता तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नवा सीन तरी कसा वाटला?" त्याने विचारलं.

"पाहिलाच नाही रे," मी म्हणालो. एकतीस प्रयोगांत त्याच्या नाटकाबद्दल बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

त्याने मान हलवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या रविवारी येऊ नकोस, दादा. घरी झोप."

हेच मागायला मी गेलो होतो. न मागता मिळालं, आणि माझे पाय तिथून हलेनात.