गल्लीचा पाळणा

मी कडुलिंबाचा जुना पाळणा आहे, मित्रांनो, आणि मी एका घरचा नव्हतो, अख्ख्या गल्लीचा होतो. बहात्तरच्या दुष्काळात वेशीजवळचं झाड वाळलं. त्याचं सरपण करण्यापेक्षा लेकरांच्या कामी येऊ दे, म्हणून दगडोबा सुताराने मला घडवलं. ज्या घरी बारसं, त्या घरी मी जायचो. परत देताना माझ्यात ओंजळभर गहू घालत. रिकामा पाळणा कुणी देत नसे. लातूर जिल्हा झाला त्या वर्षी माझ्यात निजलेल्या पोराला तर सगळे ‘कलेक्टर’च म्हणायचे. केवढा तोरा होता माझा!

माझ्यात पहिली निजली ती उमाबाई. पुढे तीच बाळंतपणाला माहेरी आली आणि सासरी देगलूरला जाताना मला घेऊन गेली. शेजारच्या तारामतीचे दिवस भरत आले होते. “पोळ्याला आणून देते,” असं उमाबाईने तिला सांगितलं. पण सासरी माझं फार कौतुक झालं, आणि मला परत पाठवायला तिचं मन होईना. पोळा गेला, गणपतीही गेले.

मग एका पहाटे भूकंप झाला. दगडमातीची सगळी गल्ली बसली. उमाबाईची आई गेली, तारामतीचा नवरा गेला. मी मात्र देगलूरला सुखरूप होतो. सांगायलाही लाज वाटते. तारामतीसमोर कोणत्या तोंडाने उभं राहावं, म्हणून उमाबाई पुढे कितीतरी वर्षं गावाकडे फिरकलीच नाही.

शेवटी एकदाची ती मला घेऊन निघाली. नवं गाव माळावर वसलं होतं. सिमेंटची सारखी घरं, दारांवर नंबर, जुने शेजारी कुठल्या कुठे. विचारत विचारत ती तारामतीच्या दारात पोचली. या खेपेला माझ्यात गहू काठोकाठ भरले होते.

“ताराक्का, लई चुकले मी. पाळणा आणलाय.”

तारामतीने माझ्या कडेवरून हात फिरवला.

“उमे, तू येळेवर दिला असतास, तर पोर आत पाळण्यात निजली असती. पाळणा न्हाई, अन् ती खाली निजंना. म्हणून त्या पहाटे तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत होते मी. तुझ्यामुळं वाचली गं ती!”

“न्हाई ताराक्का, असं म्हणू नको,” म्हणत उमाबाई उंबऱ्यावरच रडत बसली.

मित्रांनो, मागून नेलेली वस्तू वेळेवर परत करा. ती अडकवून ठेवल्याने चुकून कुणाचं भलं झालंच, तरी त्याचं पुण्य आपलं नसतं. उमाबाईला हे ठाऊक होतं. म्हणून तारामतीने तिचे डोळे पुसले, तरी तिची मान काही वर झाली नाही.