अविवाहित

श्यामसुंदर वायंगणकरचा कॅनडाचा फॉर्म त्याच्या बायकोनेच टाइप केला होता. जयमाला वाशीच्या एका टायपिंग क्लासात शिकवायची. चार पानांत एक खाडाखोड नव्हती. विवाहित, पत्नीचं नाव, मुलीचं नाव, सगळं जिथल्या तिथे. १९८१ साल होतं. स्मिता तेव्हा आठ महिन्यांची होती.

श्यामसुंदर दिघ्याजवळच्या कारखान्यात टूलमेकर होता. डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कॅनडातल्या एका आडगावच्या कंपनीला असाच कारागीर हवा होता. दोन वर्षं नीट काम केलं की कंपनी शिफारस करणार आणि कायम राहण्याचा परवाना मिळणार. “परमनंट झालो की पहिली तिकिटं तुम्हा दोघींची,” असं तो निघताना म्हणाला होता.

कागदपत्रांची धावपळ त्याच्या थोरल्या भावाने, जयप्रकाशने केली. तो फोर्टात एका वकिलाकडे कारकून होता आणि त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचा. जयमाला त्याला दादा म्हणायची. श्यामसुंदर गेल्यावर गॅसच्या सिलिंडरपासून स्मिताच्या लशींपर्यंत दादाच धावून यायचा.

१९८३च्या दिवाळीत पत्र आलं, परमनंट झालो. जयमालाने सोसायटीत पेढे वाटले. स्मितासाठी लोकरीचे दोन स्वेटर विणले. वाशीच्या उकाड्यात ती पोर ते घालून आरशासमोर उभी राहायची.

वर्ष गेलं. “फाइल चालू आहे,” श्यामसुंदर लिहायचा. “सरकारी काम आहे गं, वेळ लागतो,” दादा म्हणायचा. शेवटी जयमालाने कुणाला न सांगता दिल्लीतल्या कॅनडाच्या वकिलातीला पत्र टाकलं. नवऱ्याचं नाव, परवान्याचा नंबर आणि एकच प्रश्न: आमचा अर्ज कुठवर आला?

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. तुमच्या नावाचा कोणताही अर्ज आलेला नाही. सदर इसमाने आपण अविवाहित असून मूलबाळ नसल्याचं लिहून दिलं आहे. त्याच्या थोरल्या भावाचं तसं प्रतिज्ञापत्र फाइलला आहे. आपण पत्नी असल्यास पुरावे पाठवावेत.

टायपिस्टच्या सवयीने तिला आधी वाटलं, चूक त्यांची असेल, ओळ इकडची तिकडे झाली असेल. मग ‘थोरल्या भावाचं’ या शब्दांशी ती थांबली. पायात चपला न घालताच खाली गेली.

दादा चहा पीत होता. पत्र वाचून त्याने कप खाली ठेवला. “हे काय?” असं त्याने विचारलं नाही. तिथेच तिला कळलं.

“तुम्ही सही केलीत?”

“जया, कंपनीला एकटा माणूस हवा होता. तू टाइप केलेला फॉर्म दिला असता तर तो गेलाच नसता. नुसता कागद आहे गं तो.”

“चार वर्षं मला सांगितलं नाहीत.”

“तुला उगाच टेन्शन...”

“लस टोचायला स्मिताला तुम्ही न्यायचात, दादा. तिच्या बापाचं नाव विचारल्यावर काय सांगायचात?”

दादाने पत्राची घडी घालून ते तिच्याकडे सरकवलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी श्यामसुंदरचा फोन गोटीरामच्या दुकानात यायचा. गोटीराम वाशीतल्याच जुहूगावचा शेतकरी. जमीन सिडकोत गेल्यावर त्याने किराणा टाकला होता. त्या रविवारी जयमाला अर्धा तास आधीच जाऊन बसली.

“दादाने कळवलं मला,” श्यामसुंदर घाईघाईने म्हणाला. “जया, ऐक. आता आपलं लग्न दाखवलं तर परवानाच जाईल. मी मे महिन्यात येतो. आपण रजिस्टर लग्न करू, नव्याने. मग वर्षभरात तुला नेतो.”

“आणि स्मिता?”

श्यामसुंदरने आवाज खाली आणला.

“तिला सध्या दादाची म्हणून दाखवू. पुढे मागे दत्तक घेता येईल.”

“स्वतःच्या मुलीला दत्तक?”

“कागदावर गं! दादा-वहिनी तयार आहेत.”

“कधी विचारलंत त्यांना?”

“मागच्या दिवाळीत.”

म्हणजे दिवाळीला वहिनी तिच्यासोबत करंज्या भरत बसली होती, तेव्हा स्मिता आधीच देऊन झाली होती. जयमालाने फोन ठेवला.

“काय झाला वयनी? मानूस बरा हाय ना?” गोटीरामने विचारलं.

“बरा आहे. त्यांचं अजून लग्न व्हायचंय.”

गोटीरामला काही समजलं नाही. त्याने तिच्यासाठी स्टूल ओढलं आणि पाण्याचा तांब्या आणला.

बुधवारी दादा वर आला. वकिलातीला काही लिहू नकोस म्हणाला. खोटं प्रतिज्ञापत्र निघालं तर त्याची नोकरी जाईल, श्यामचा परवाना जाईल, इतक्या वर्षांची मेहनत मातीत. बोलता बोलता त्याने हात जोडले. या माणसाच्या हाताला धरून स्मिता चालायला शिकली होती. जयमालाला रडू आलं. पण तिने हो म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने लग्नाचा दाखला आणि स्मिताचा जन्मदाखला पाठवला. सोबत दोन ओळी: मला तिथे यायचं नाही. आपण विचारलंत म्हणून खरं ते कळवत आहे.

चौकशी वर्षभर चालली. १९८६च्या ऑगस्टमध्ये परवाना रद्द होऊन श्यामसुंदर परत आला. तोवर दादाची नोकरी गेली होती आणि तो बिऱ्हाड हलवून डोंबिवलीला गेला होता.

श्यामसुंदर दारात उभा राहिला. केस विरळ झाले होते.

“तुझ्या एका पत्राने सगळं गेलं, जया. मी न्यायला आलोच असतो.”

“मला. तिला नाही.”

 तो बॅग उचलून भावाकडे गेला.

पुढे त्याला तुर्भ्याला एका लहान वर्कशॉपात काम मिळालं. दर रविवारी तो यायचा आणि स्मिताला खाडीवर फिरायला न्यायचा. जयमाला त्याला चहा द्यायची, तो पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसून प्यायचा. एका रविवारी कप हातात धरून त्याने विचारलं, “मी आता इथे राहायला आलो तर?”

“राग आता फारसा नाही,” जयमाला म्हणाली. “पण तुम्ही काही बोललात की मला वाटतं, दुसरीकडे वेगळंच लिहून दिलं असेल. असं मनात ठेवून एका घरात कसं राहायचं?”

त्याने चहा संपवला. स्मिता सँडलचा पट्टा लावत होती. त्याने वाकून तो लावून दिला आणि दोघं जिना उतरून गेली.