नाण्यावरची साल

झाकण पडलं तेव्हा मी झाकणाकडे पाहिलंच नाही, मी टिल्लीकडे पाहत होते. मोठ्या पातेल्याचं स्टीलचं झाकण ओट्यावरून घसरलं, फरशीवर आपटलं आणि गोल गोल फिरत ठणाणा करत राहिलं. आतल्या खोलीतून नवरा धावत आला. आमची आठ महिन्यांची लेक ओट्याकडे पाठ करून तिच्या उंच खुर्चीत बसली होती आणि केळ्याचा तुकडा बोटांनी चिरडण्यात गुंग होती. तिचा खांदासुद्धा हलला नाही.

"पाहिलंस?"

"काय पाडलंस एवढं?"

"ती दचकली नाही."

"धीट आहे. बापावर गेलीय," असं म्हणून त्याने झाकण उचललं आणि विसळून जाळीत ठेवलं.

मला कधीपासून शंका होती. मागून हाक मारली तर टिल्ली कधी वळायची, कधी नाही, पण कुणाला दाखवायला गेले की नेमकी वळायची. मी गाणं म्हणायला लागले की ती माझ्या ओठांवर तळवा ठेवायची. सगळे म्हणायचे, किती लाडिक खेळ! मला तो खेळ वाटत नव्हता.

ताई आली तेव्हा तिने स्वतः परीक्षा घेतली. टिल्लीच्या मागे जाऊन टाळी वाजवली. टिल्ली वळली.

"घे! ऐकलं की नाही? घाबरटबाई, पोरीचा कान शाबूत आहे, किडा तुझ्या डोक्यात आहे."

"तू खिडकीत उभी होतीस, ताई. तुझी सावली तिच्या पुढ्यात पडली."

"आता सावलीसुद्धा!" ताईने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "कसं राहतोस रे हिच्याबरोबर?"

"हेल्मेट घालून," तो म्हणाला, आणि दोघं हसली.

डॉक्टरांनी मात्र चेष्टा केली नाही. काही नसेलही, पण चाचणी करून टाकू, म्हणाले. तारीख मोठ्या रुग्णालयातून फोनवर कळणार होती. नंबर नवऱ्याचा दिला, कारण टिल्ली झोपलेली असली की माझा फोन मी मुका करून ठेवायचे. कशासाठी ठेवायचे, देव जाणे. रोज संध्याकाळी तो दारात बूट काढत असतानाच मी विचारायची, "आला का फोन?" आणि तो वाकलेलाच राहून सांगायचा, "त्यांच्याकडे लांबलचक रांग असते गं. येईल."

मी झोपेनाशी झाले. जेवताना घास हातातच राहायचा. अशात एक दिवस तो भलंमोठं खोकं घेऊन आला. आत धातू शोधायचं यंत्र होतं. लांब दांडी, खाली ताटाएवढी चकती, वर छोटा पडदा आणि कानाला लावायचे हेडफोन.

मी बघतच राहिले. हे वेड माझ्या बाबांचं. बाबांकडे जुन्या नाण्यांचा डबा होता. बाजारात, भंगारात, कुणाच्या देवघरात हात घालून त्यांनी ती जमवली होती. असं यंत्र घ्यायचं ते आयुष्यभर म्हणत राहिले आणि न घेताच गेले. घर रिकामं करताना तो डबाही कुठेतरी गेला. सामान हलवणाऱ्यांनी लांबवला असणार, असं ताईने सांगितलं होतं. मी त्या डब्यासाठी बाबांसाठी रडावं तशी रडले होते.

"बाबांचं राहिलं ते तू कर," नवरा म्हणाला. या वाक्यावर मी विरघळले. कुणीही विरघळलं असतं.

त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राचं वस्तीच्या टोकाला पडीक शेत होतं. "खणा हवं तेवढं, फक्त खड्डे बुजवा," एवढीच त्या मित्राची अट. आम्ही रविवारी सकाळी जायला लागलो. नवरा टिल्लीला घेऊन सतरंजीवर बसायचा आणि मी चकती जमिनीलगत ठेवून, केर काढावा तशी, डावीकडून उजवीकडे फिरवत चालायची. लोखंड असेल तर हेडफोनमध्ये जाडसर गुरगुर यायची. बाटलीचं बूच अर्धवट चिरकायचं, त्याचा आवाज पाऊलभर सरकलं की फाटायचा. चांदीचा मात्र उंच आणि स्वच्छ, कुठूनही चकती फिरवा, तसाच. पहिल्या दिवशी मला खिळे, बुचं, एक चमचा आणि सायकलची घंटा मिळाली. पण कितीतरी दिवसांनी मी तासभर टिल्लीच्या श्वासाखेरीज दुसरं काहीतरी ऐकत होते.

पुढच्या खेपेला तो स्वच्छ आवाज आला. एका वठलेल्या खुंटापाशी. मी गुडघ्यांवर बसून खुरप्याने गवताची खपली उचलली, बोटांनी माती चाळली, आणि मातीतून एक बोथट कडांचं नाणं माझ्या तळहातावर आलं. एका बाजूला झिजलेला घोडा, दुसऱ्या बाजूला कुणाचीतरी अक्षरं. मी अशी ओरडले की नवरा टिल्लीला काखेत मारून पळत आला.

"अगं, काय कान आहे तुझा!" तो म्हणाला. "लोक वर्षानुवर्षं फिरतात, त्यांना झाकणं मिळतात."

"खरंच?"

"मग! तुझे बाबा असते तर नाचले असते."

मग बहुतेक रविवारी एखादं मिळायला लागलं. मी पुस्तकं आणली, रात्री झोपले, पोळीबरोबर भाजी खाते आहे असं माझं मलाच जाणवलं. तारखेचं विचारणं आधी एक दिवसाआड झालं, मग आठवड्याने. "बघ, कशी माणसात आलीस," नवरा म्हणायचा. ताई फोनवर म्हणायची, "घाबरटबाईची खजिनदारबाई झाली." माझ्या मनात एक विचार हळूच घर करत होता, की माझा कान खरा आहे. जे इतरांना ऐकू येत नाही ते मला येतं. मग टिल्लीबद्दलही... पण तिथे मी थांबायची. सगळे इतके खूश होते.

मातीतून निघालेलं नाणं घासायचं नसतं, हे बाबांनीच शिकवलेलं. ते पाण्यात भिजत घालायचं, पाणी बदलत राहायचं आणि सुटेल तेवढीच माती दातकोरणीच्या काडीने काढायची. खिडकीतल्या काचेच्या वाडग्यात माझं शेवटचं नाणं असंच पडून होतं. त्या शनिवारी सकाळी मी ते बाहेर काढलं आणि काडी लावली. कडेला काहीतरी उचललं गेलं. मला वाटलं, मातीचा पापुद्रा. पण तो लवचिक होता, आरपार दिसणारा, कांद्याच्या आतल्या सालीसारखा. मी ओढला तर तो अख्खाच्या अख्खा निघून आला. त्यावर नाण्याचा ठसा उमटला होता. आणि त्यात एक बारीक काळा केस अडकला होता. ब्रशचा.

माती नाण्याला नेलपॉलिश लावत नाही.

बाबा लावायचे. नाणी काळी पडू नयेत म्हणून आईचं बिनरंगाचं नेलपॉलिश. त्यांच्या नाणेवाल्या मित्रांनी कपाळाला हात लावला होता, "अहो, नाण्याची वाट लावताय!" पण बाबा हटले नाहीत. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, ताईने बाटली धरायची, बाबांनी लावायचं आणि मी फुंकर मारायची. "हळू. थुंकी नको उडवूस," बाबा म्हणायचे. ब्रश जुना होता, त्याचे केस गळायचे, आणि बाबा चष्मा शोधून लावेपर्यंत ते नाण्यावरच वाळून जायचे. जगात अशी नाणी एकाच डब्यात होती.

मी खिडकीपाशी उभी राहिले आणि एकेक रविवार आठवत गेले. गवताच्या खपल्या किती सहज निघायच्या. नवरा सतरंजी पसरायची जागा नेहमी स्वतःच ठरवायचा. "तिकडे पाहिलंस का गं, त्या खुंटापाशी?" शनिवारी संध्याकाळी तो पाय मोकळे करायला जायचा आणि येऊन बुटांचे तळ नळाखाली धुवायचा. हे सगळं मी पाहिलं होतं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, पण नवऱ्यावर नजर ठेवावी असं मला कधी वाटलंच नव्हतं. आणि माझा तो कान! माझ्यासाठी पुरून ठेवलेलं ऐकत फिरणारा.

ताई अकराच्या सुमाराला येणार होती. मी चहा केला. दोघं टेबलाशी बसली, टिल्ली तिच्या खुर्चीत त्यांच्या समोर. मी बशीत नाणं ठेवलं, शेजारी ती साल ठेवली आणि बशी दोघांच्या मधे सरकवली.

"हे काय नवीन?" नवरा म्हणाला. त्याला कळलं नाही. त्याला ठाऊकच नव्हतं.

ताईला कळलं. तिने चहाचा कप खाली ठेवला, तोही दोन्ही हातांनी.

"फुंकर कोण मारायचं, ताई?"

"अगं, ऐकून तर घे..."

"डबा हरवला होता ना?"

"तेव्हा खरंच सापडत नव्हता. मग माझ्याच माळ्यावर निघाला. तोवर तुझं इतकं रडून झालं होतं की..." ती गडबडली. "आणि मग तुझी ही अशी अवस्था. तू जेवत नव्हतीस. काळजीच वाटायला लागली गं आम्हाला. नाणी तुझीच होती, तुलाच मिळाली. चोरी केली का आम्ही?"

"कल्पना माझी होती," नवरा म्हणाला. "तिला बोलू नकोस. तू हसावंस म्हणून केलं. आणि हसलीस तू! नाही हसलीस का?"

"माझ्यावर हसलात तुम्ही."

"छे! कुणीही हसलं नाही."

"शनिवारी पुरून यायचास, आणि रविवारी म्हणायचास, काय कान आहे तुझा."

ताई नेहमीच्या सुरात म्हणाली, "चांगलं करायला गेलो तर आम्हीच वाईट." मी तिच्याकडे पाहत नव्हते. मी त्याच्याकडे पाहत होते, कारण त्याने नजर वळवली होती. ती नाण्यावरून निघून टेबलावरच्या त्याच्या फोनवर गेली आणि चटका बसावा तशी परत आली.

"आणखी काय?" मी विचारलं.

"काय आणखी?"

"आणखी काय पुरलंयस?"

ताई त्याला म्हणाली, "सांगून टाक." म्हणजे तिलाही माहीत होतं.

"रुग्णालयातून फोन आला होता," तो म्हणाला. "मी यंत्र आणलं त्याच्या आदल्या आठवड्यात. मी म्हटलं, सध्या नको, नंतर कळवतो. अगं, तू त्या चाचणीपायी वेडी झाली असतीस. निकालाची वाट बघ, मग दुसरी चाचणी, मग तिसरी. मला वाटलं, तू जरा सावरलीस की आपण शांतपणे..."

"दारात बूट काढताना रोज सांगायचास, रांग आहे म्हणून."



मला वाटलं होतं मी ओरडेन. पण आतून सगळं गार झालं. मी दाराआडून यंत्र आणलं, हेडफोनची वायर उपसून काढली आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मग टिल्लीच्या मागे जाऊन उभी राहिले. खिडकी माझ्या समोर होती. माझी सावली माझ्याच मागच्या भिंतीवर पडली होती, तिच्या पुढ्यात नाही.

"काय करतेस?" ताई म्हणाली.

मी बाबांचं नाणं चकतीवरून फिरवलं.

यंत्र किंचाळलं. तोच आवाज, उंच आणि स्वच्छ, पण आता उघडा, सगळ्या स्वयंपाकघरात घुमणारा. ताईने दोन्ही कान झाकले. नवऱ्याचा हात लागून कप कलंडला. मी नाणं पुन्हा फिरवलं, पुन्हा फिरवलं. टिल्ली चमचा चावत होती. चमच्याचं टोक हिरडीला कुठे बरं वाटतं, एवढाच तिच्यापुढचा प्रश्न होता.

मग तिने मान वर केली. समोर बापाचा चेहरा बदलला होता. ती त्याच्याकडे निरखून पाहत राहिली, मग ताईकडे, मग ती दोघं जिकडे पाहत होती तिकडे सावकाश वळली. मागे मी दिसले आणि तिला केवढा आनंद झाला! तिच्या लेखी मी आत्ता, या क्षणी तिथे आले होते.

अशीच वळत आली होती ती आजवर. आमचे चेहरे वाचून.

मी यंत्र बंद केलं. चहा टेबलाच्या कडेवरून फरशीवर गळत होता, पण कुणी फडकं घ्यायला उठलं नाही.

"मी लगेच फोन करतो त्यांना," नवरा म्हणाला. "आत्ता करतो."

"तू नको. नंबर दे."

"अगं, मी..."

"नंबर."

तो फोनमध्ये शोधायला लागला. त्याला तो लवकर सापडेना, आणि मला त्याची दया आली नाही, याचं मलाच नवल वाटलं. ताई डोळे पुसत उठली. "मी डबा आणून देते," म्हणाली. "आत्ता जाऊन आणते. सगळा. एकही ठेवणार नाही."

"राहू दे तुझ्याकडेच," मी म्हणाले. "पुरायला लागेल पुन्हा कधीतरी."

तिचा चेहरा पडला. पडू दिला.

मी टिल्लीला उचललं, नंबर दाबला आणि फोन कानाला लावला. पलीकडे घंटा वाजत होती. कुणीतरी बाई बोलली. मी टिल्लीचं पूर्ण नाव सांगायला सुरुवात केली, तशी टिल्लीने तिचा लाळेने चिकट झालेला तळवा माझ्या ओठांवर ठेवला. पलीकडची बाई म्हणाली, "जरा स्पष्ट बोलता का? नीट ऐकू येत नाहीये."

मी तो हात बाजूला केला नाही. त्याच्या आडूनच, एकेक अक्षर सुटं करून, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.