क्वितनीपावरची सही

माझं नाव डोंगरावर माझ्या आधी पोचलं, आणि ते लिहिणारा हात माझा नव्हता.

आमच्या गावामागे क्वितनीपा नावाचा डोंगर आहे. चारशे बारा मीटर. माथ्यावर दगडांचा ढीग आणि त्यात एक हिरवी पत्र्याची पेटी. पेटीत वही, वहीला दोरीने बांधलेली पेन्सिल. वर जाणारा प्रत्येक जण वहीत नाव नि तारीख लिहितो, खाली येतो, आणि मग आठवडाभर दुकानात, फेरीबोटीवर, केस कापणाऱ्या बाईकडे त्याच वहीची चर्चा. कोण किती वेळा गेलं, कोण बायकोला घेऊन गेलं, कोण बायकोला न घेता गेलं. मे महिन्यात नवी वही वर जाते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दुपारी बाराला मांग्ने ती खाली आणतात. मांग्ने एक्याऐंशी वर्षांचे आहेत, पूर्वी फेरीबोटीचे कप्तान होते, त्यामुळे त्यांचे बारा म्हणजे बाराच.

मी सॅमन माशांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. वही खाली येईपर्यंत ज्या विभागातल्या एकूण एक माणसाचं नाव तिच्यात असेल, त्या विभागाला कारखान्याचा चषक मिळतो. आमच्या पॅकिंगमध्ये चौदा जण. दरवर्षी आमची तेरा नावं व्हायची, बाकीचे विभाग आमच्याही मागे असायचे, आणि चषक आमचा व्यवस्थापक सिगब्यॉर्न याच्या कपाटात पडून राहायचा. चौदावी मी. वय चोपन्न, वजन एकशे अठरा किलो, उजवा गुडघा कुरकुरणारा. आमच्याकडे याबद्दल मला कधी कुणी एका शब्दाने बोललं नाही. आमचे लोक सभ्य आहेत, आणि त्या सभ्यपणाचा मला आता राग येतो.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी कँटीनमध्ये केक आला. बदामाचा, वर अंड्याच्या बलकाचं पिवळं क्रीम लावलेला, आमच्याकडे आनंदाच्या प्रसंगी हाच असतो. सिगब्यॉर्न दर गुरुवारी वर जाऊन वहीच्या पानांचे फोटो काढतो. त्याने उभं राहून जाहीर केलं की पॅकिंगची चौदापैकी चौदा नावं झाली आहेत, आणि आता वही खाली आली की चषक आपलाच. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. मग माझ्या लक्षात आलं की चौदापैकी चौदा म्हणजे मी धरून.

"मी तर गेलेलीच नाही," मी म्हणाले.

सगळे केककडे बघायला लागले. सिगब्यॉर्नने फोनवर पान मोठं करून दाखवलं. तेवीस ऑगस्ट, रविवार, गुन्वोर. म्हणजे मी. त्या रविवारी मी गुडघ्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी ठेवून घरी बटाटे किसत बसले होते. आणि ते अक्षर मी ओळखलं. वीस वर्षं आम्ही दोघी पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्याशी शेजारी उभ्या राहतो आणि खोक्यांवर तारखा लिहितो. ते अक्षर ऑडनीचं होतं.

मी केक तिथेच ठेवला आणि कपडे बदलायच्या खोलीत गेले. ऑडनी मागोमाग आली. ऑडनी माझी मैत्रीण. माझ्या घटस्फोटाच्या वेळी महिनाभर माझ्याकडे मुक्काम ठोकून राहिलेली. तिने मला समजावलं की एवढं मनावर घेण्यासारखं काही नाही, पेन्सिलीची एक ओळ तर आहे. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. म्हणजे मला वगळून सगळ्यांनी.

"अगं, तुला वाईट वाटू नये म्हणूनच केलं ना," ती म्हणाली. "तू वर जावंस अशी तुझ्याकडून कुणी अपेक्षाच केली नव्हती."

ती हे अगदी मायेने म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हे सांगायला हवं की आयुष्यात मला हलवायचे प्रयत्न काही कमी झाले नव्हते. नऊ वर्षांची होते तेव्हा शाळेतल्या नर्सने मला वेगळ्या खोलीत बोलावून काट्यावर उभं केलं. बहिणीने सुपाच्या पुड्या पाठवल्या. माझ्या नवऱ्याने, तो नवरा होता तेव्हा, वाढदिवसाला पळायचे बूट दिले. ऑगस्टच्या शेवटी डॉक्टर सीनोवे म्हणाली होती की रक्तातली साखर अगदी रेषेवर आलीय, रक्तदाब रेषेच्या पुढे गेलाय, आणि हातात एक माहितीपत्रक दिलं होतं. वरती एक सडपातळ जोडपं हसत चालतंय. तशी पत्रकं माझ्या खणात सात होती. भीती मला घालून झाली होती, लाज मला वाटून झाली होती, आणि दोन्हींचा शेवट दर वेळी फेरीबोटीवरच्या गरम गोड धिरड्यांवर, लोणी नि साखर लावून, झाला होता. पण चांगल्या माणसांनी एकत्र बसून, विचार करून, मला सोडून दिलं होतं, हे माझ्यासाठी नवीन होतं.

मी सिगब्यॉर्नच्या खोलीत गेले आणि माझं नाव यादीतून आत्ताच्या आत्ता काढ म्हणून सांगितलं.

तो म्हणाला, "गुन्वोर, कशाला गं? वही खाली यायला सोळा दिवस राहिलेत. पोरं केवढी खूश आहेत."

"सोळा दिवस आहेत ना? मग माझं नाव माझ्या हाताने येईल. नाहीतर येणार नाही."

त्याने नाव खोडलं. सोमवारपासून कॉफीची किटली माझ्यापर्यंत येताना कशी कोण जाणे रिकामी होऊ लागली. तेरा माणसं बोलायची थांबली नाहीत, आमच्याकडे भांडत नाहीत, फक्त हवामानाबद्दल बोलायला लागली. ऑडनी पट्ट्याशी माझ्या शेजारी उभी राहून पावसाच्या अंदाजाबद्दल सांगायची. मी हं म्हणायची.

मंगळवारी मी सीनोवेकडे गेले. पत्रक नको, मला फक्त सांग, या गुडघ्याने बारा दिवसांत चारशे बारा मीटर चढता येईल का. ती जेमतेम तिशीची आहे. तिने गुडघा वाकवून पाहिला, छाती तपासली, हृदयाचा आलेख काढला. दोन काठ्या घे, हळू जा, रोज थोडं पुढे, छातीत दुखलं तर त्या क्षणी थांब, आणि पावाचे चार तुकडे खात असशील तर दोन खा. मग तिने विचारलं, इतकी वर्षं नाही आणि आत्ताच असं काय झालं.

"माझी खोटी सही केली कुणीतरी."

ती हसली नाही. तिने ते माझ्या कागदांवर लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी मी मेंढ्यांच्या फाटकापर्यंत गेले. म्हणजे गाड्या लावायच्या जागेपासून तीनशे पावलं, आणि फाटकाला धरून मी उभी राहिले तेव्हा माझा श्वास मेंढ्यांनाही ऐकू जात असावा. बालवाडीची रांग लाल टोप्या घालून माझ्या बाजूने वर गेली आणि खाली आली, तरी मी तिथेच. मी सीनोवेने ऑगस्टमध्ये दिलेलं पत्रक खिशातून काढून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, फाटक, आणि तारीख. दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटक. तिसऱ्या दिवशी बाक. मग पाऊस, मग पुन्हा बाक, मग दलदलीवर टाकलेल्या फळ्यांची सुरुवात. दोन दिवस गुडघा इतका सुजला की मी घरीच राहिले आणि सबंध जगाला शिव्या दिल्या.

खाली गावात जे लोक तुमच्याकडे बघतही नाहीत, ते डोंगरावर हटकून नमस्कार करतात. आमची रीतच आहे. पण मला नुसता नमस्कार नव्हता. मला वरून शाब्बासकीही होती. घट्ट काळी विजार घातलेला एक पळणारा माझ्याजवळ मुद्दाम थांबला आणि म्हणाला, शाब्बास, छान चाललंय तुमचं. त्याच्या मागून त्याची मैत्रीण येत होती. मी विचारलं, हिलाही शाब्बास म्हणालास का. तो लाल झाला आणि पळाला. ती मात्र खो खो हसत गेली. त्या दिवशी मी फळ्यांच्या शेवटापर्यंत पोचले. रागाने माणूस चढतो, हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नाही.

मग तो रविवार आला. उजाडताच, आठ वाजता, मी गाडी लावली. दुसऱ्या गाडीत ऑडनी बसली होती. ती खाली उतरली, तिच्या हातात थर्मास होता. मी पण येते, ती म्हणाली, तुझी पिशवी घेते.

"नको. माझं काहीही उचलू नकोस."

ती तिथेच उभी राहिली. मला वाईट वाटलं, पण मागे वळून पाहिलं असतं तर मी थांबले असते.

फाटक, बाक. बाकावर मी बसले नाही, कारण बसलं की उठायला लागतं. फळ्या ओल्या होत्या, एक एक काठी टेकवत जायला मला सव्वा तास लागला. तिथे अकराच्या सुमाराला मांग्ने मागून आले. पाठीवर रिकामी पिशवी, हातात काठी नाही. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बारा वाजता वही पिशवीत घालतो," ते म्हणाले. "थांबणार नाही. वर वारा आहे आणि मी म्हातारा आहे."

"मी थांबा म्हटलंय का?"

"नाही म्हटलंस. म्हणून सांगितलं." आणि ते चालते झाले. इतक्या दिवसांत मला सवलत न देणारा पहिला माणूस. मला त्यांचा मुका घ्यावासा वाटला.

फळ्यांच्या पुढचं मी कधी पाहिलेलं नव्हतं. तिथून सगळा खडक. पाय ठेवायला जागा शोधायची, काठी रोवायची, अंग वर ओढायचं, श्वास मोजायचा, आणि पुन्हा. एके ठिकाणी मी चक्क बसून, हातांवर भार टाकून मागे मागे सरकत चढले. घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दर पाच मिनिटांनी बघत होते. साडेअकरा. पावणेबारा. बारा वाजले तेव्हा मला दगडांचा ढीग नुसता दिसत होता. मी रडले. रडत रडत चढले, कारण उभं राहून रडायला वेळ नव्हता.

बारा वीसला मांग्ने खाली येताना भेटले. माथा राहिला असेल शंभर पावलं. त्यांनी माझं तोंड पाहिलं, पिशवी खाली ठेवली, आणि वही बाहेर काढली.

"इथेच लिही, पोरी," ते म्हणाले. "बाराच्या आत आलीस म्हणून सांगेन. मी खोटं बोलतो असं या गावात कुणी म्हणणार नाही."

त्यांनी पान उघडून पेन्सिल पुढे केली. वाऱ्याने पानं फडफडत होती आणि तेवीस ऑगस्टची ती ओळ मला दिसली, ऑडनीच्या गोल अक्षरात. माझ्या एका सहीवर चषक होता, केक होता, तेरा माणसांची कॉफी होती. आणि खरं सांगते, मला लिहायचं होतं. मी पेन्सिल घेतली. त्या खोट्या ओळीवर आडवी रेघ मारली, चांगली जाड, आणि पेन्सिल परत दिली.

"मी अजून वर पोचलेली नाही," मी म्हणाले. "एक खोटी सही खोडायला आले, दुसरी कशी करू?"

त्यांनी वही पिशवीत घातली आणि वाटेतून बाजूला झाले.

पाऊण वाजता मी माथ्यावर पोचले. पेटी रिकामी होती. खाली समुद्राचा फाटा, कारखान्याचं छप्पर, फेरीबोट काडेपेटीएवढी. वर कुणी नव्हतं, शाब्बास म्हणायलाही. मी पत्रक काढलं. मागच्या बाजूला फाटक, बाक, फळ्या, सगळ्या तारखा होत्या. सगळ्यांत खाली मी लिहिलं: माथा, चार ऑक्टोबर, बारा पंचेचाळीस, गुन्वोर. पेटीत ठेवलं, झाकण लावलं.

चषक सिगब्यॉर्नच्या कपाटातच राहिला. सोमवारी पॅकिंगमध्ये सगळ्यांना सगळं माहीत होतं, मांग्ने फेरीबोटीवर बोलले असणार. कॉफीची किटली सगळ्यांत आधी माझ्याकडे आली. मी कप भरून घेतला, आभार मानले नाहीत.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. कुणाला दाखवायचं नव्हतं, वर वहीच नव्हती. बर्फ पडला की फाटकापर्यंतच जायची. धिरडी सुटली नाहीत, महिन्यातून एकदा खाते आणि चवीने खाते. मे महिन्यात वजन एकशे सात झालं, साखर रेषेच्या अलीकडे आली. गुडघा अजून कुरकुरतो. सीनोवे म्हणाली, हे पत्रक आम्ही आता बदलायला हवं.

मे महिन्यात मांग्ने माझ्या दारात आले. त्यांची कंबर धरली होती, आणि हातात नवी वही. या वर्षी तू ने, म्हणाले. मी पहिलं पान उघडलं. त्यावर मी पेटीत ठेवलेलं पत्रक चिकटवलेलं होतं, मागची बाजू वर करून.

वही मी नेणार ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. शनिवारी ऑडनीचा फोन आला. तिची पाठ धरली होती, खरंच धरली होती, मला आवाजावरून कळत होतं. वर चाललीच आहेस तर माझंही नाव लिही ना, ती म्हणाली, तेवढीच चौदातली एक.

"नाही," मी म्हणाले. "वही ऑक्टोबरपर्यंत वरच आहे. उद्या फाटकापर्यंत ये. मी थांबते."